गुलाबी हाडं

शेजारणीनं अंडी आणून दिली, तर डेल्फिया रिफल आधी एकेक अंडं कानाशी धरून हलवायची, मग शेजारणीच्या तोंडाकडे बघायची आणि मगच ‘ये, बस’ म्हणायची. बकआय खोऱ्यातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभी हयात काढली. बटाट्याचं पोतं आलं की वरचे बटाटे ती बघतच नसे. कोपरापर्यंत हात खुपसून थेट तळाचा बटाटा वर काढायची. पोतं आणणारा म्हणायचा, "बाई, आजच काढलेत शेतातून." त्यावर डेल्फियाची मान डावीकडे कलायची, उजवा डोळा बारीक व्हायचा आणि नाकातून लांबलचक सूर निघायचा, "हंऽऽऽ. आणि हे कोण म्हणतं?"

ही मान, हा डोळा आणि हा सूर खोऱ्यातल्या प्रत्येक पोराला येत होता. शाळेच्या बसमध्ये एकानं सुरू केलं की अख्खी बस करायची, ड्रायव्हरसकट.

पण हा संशय काही तिनं जन्मतः आणलेला नव्हता. तो तिला नवऱ्यानं शिकवला. ऑर्लन शनिवारी सकाळी खांद्याला बंदूक अडकवून "खारी आणतो गं" म्हणून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी हात हलवत परत यायचा. "आज वारा होता." "आज पानं फार वाजत होती." "आज खारीच झोपल्या होत्या, डेल्फिया, शपथ!" वर्षानुवर्षं आपला वारा, पानं आणि झोप. शेवटी कुणीतरी तिला सांगितलं की ऑर्लन डोंगराकडे वळतच नाही, पुलापाशी एका गॅरेजात पत्ते कुटत बसतो. त्यावर डेल्फियानं त्याच्याशी अबोला धरला, तोवर खाणीतल्या कोळशानं त्याची फुप्फुसं धरली. मग ज्याच्यावर ती दात खाऊन होती त्यालाच उशा लावून बसवत, त्याचा खोकला ऐकत तिनं कित्येक हिवाळे काढले. तो गेला, त्यानंतर चर्चच्या जेवणात ती सगळ्यांदेखत बोलून गेली होती, "रडून झालं माझं. पण आता पुन्हा कुणाचा खोकला ऐकायला मी उशाशी बसणार नाही. सांगून ठेवते."

अशा बाईला होबार्ट कोगरनं मागणी घातली.

होबार्ट तिच्याच वर्गातला. तोही खाणीतूनच निवृत्त झालेला, बायको जाऊन बराच काळ लोटलेला. माणूस आडदांड, पण बोलणं असं, की जणू कुणाच्या तरी झोपलेल्या बाळाशेजारी उभा आहे. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक शेपूट ठरलेलं. "सहज आलो होतो. बाकी काही नाही." "तुझी शेवंती छान फुललीय. बाकी काही नाही." उन्हाळ्याच्या शेवटी एकदा तिच्या व्हरांड्यात टोपी दोन्ही हातांनी पिळत तो म्हणाला, "आपण दोघांनी लग्न करावं म्हणतो. बाकी काही नाही."

डेल्फियानं लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पानगळीत चर्चचं मोठं जेवण असतं, त्या दिवशी सांगते, म्हणाली. तोवर त्याला पारखून घ्यायचं, हा तिचा बेत. मनातून तिला हो म्हणायचं होतं, म्हणून तर ती जास्तच डोळ्यांत तेल घालून बसली. एका माणसानं तिला वर्षानुवर्षं बनवलं होतं. दुसऱ्यानं बनवलं, तर खोऱ्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि आरशातही नाही.

खोऱ्याची रीत अशी, की घरच्या बायकोपुढे पुरुष खारी केसांसकट टाकतो. पण जिला मागणी घातलीय, तिच्या दारात केसाळ खार नेली, तर लग्नाआधीच तिला कामाला जुंपल्यासारखं दिसतं. म्हणून मागणी घालणारा खारी स्वतः सोलतो. शेपटीच्या बुडाशी चीर द्यायची, शेपटीवर बूट ठेवायचा, मागचे पाय धरून एकच हिसका मारायचा. अंगरखा उतरावा तसं कातडं निघून येतं. मग मिठाच्या पाण्यात घालून, झाकणाच्या डब्यातून बाईच्या दारी.

डेल्फियाला ही रीत कधीच पटली नव्हती. कातडं गेलं की पुरावा गेला.

पहिलं दव गोठलं, खारींच्या कातडीखालच्या अळ्या मेल्या, आणि पहिल्या शनिवारी होबार्ट डबा घेऊन आला. व्हरांड्याच्या पायऱ्यांशी तो थांबला. कुत्र्याला थोपटलं. शेवंती बघितली. पुन्हा कुत्र्याला थोपटलं. मग वर आला.

खिडकीच्या पडद्याआडून डेल्फिया बघतच होती. ‘कुत्र्याला दोनदा थोपटतोय. काय बोलायचं ते मनात जुळवतोय मेला.’

"कुठं मारल्यास?" तिनं डबा घेता घेता विचारलं.

"माझ्याच डोंगराच्या धारेवर. वरच्या हिकरीच्या झाडाखाली. करड्या आहेत सगळ्या. बाकी काही नाही."

"आणि तुकडे का केलेस? मी काय सुरी धरायला विसरले?"

"तुझे हात दुखतात म्हणालीस ना मागं."

हात दुखतात असं ती म्हणाली होती खरी. त्यामुळं तर पाल आणखीच चुकचुकली. एवढं लक्षात ठेवणारा पुरुष तिनं आजवर पाहिला नव्हता.

तिनं तुकडे पिठात घोळवून बिडाच्या कढईत चरबीवर लालसर तळले, त्याच चरबीत पीठ भाजून दूध ओतलं, काळी मिरी सढळ हातानं पेरली आणि झाकण ठेवून सगळं मंद आचेवर रटरटू दिलं. मांस हाडावरून सुटायला आलं, तसा मक्याचा पाव कापला. होबार्ट जेवताना बोलत नसे. डेल्फिया जेवताना बघत असे. तिनं मांडीचा तुकडा उचलला, मांस ओरपलं, हाड ताटाच्या कडेला ठेवलं आणि ठेवता ठेवता थबकली.

हाड गुलाबी होतं.

करड्या खारीचं हाड पांढरं असतं. कोल्हाखारीचं गुलाबी, भाजा, उकडा, गुलाबी ते गुलाबीच. हे खोऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत. आणि करडी राहते उंच धारेवरच्या दाट रानात. कोल्हाखार अंगानं थोराड, रंगानं तांबूस, चालीनं आळशी, ती डोंगर चढायच्या भानगडीत पडत नाही. ती खाली नदीकाठच्या मळईत, मक्याच्या शेताच्या कडेला सापडते. आणि नदीकाठी मक्याचं शेत म्हणजे आयव्हली हॅमरिकचं. आयव्हली, विधवा. केस रंगवणारी विधवा.

डेल्फियाची मान हळूहळू डावीकडे कलली.

"होबार्ट, या करड्या खारी ना?"

"करड्या."

"मग हाडं का लाजलीत?"

होबार्टनं हाडाकडे पाहिलं. कानांच्या पाळ्या हाडाच्याच रंगाच्या झाल्या. "पोकबेरी खाल्ली असेल त्यांनी. जांभळा रस असतो ना त्या बोरांचा. तो उतरत असेल हाडात. बाकी काही नाही."

"हंऽऽऽ. आणि बऱ्याच मोठ्या वाटतात यंदा करड्या."

"त्याचं कारण ती फेअरीडिडल," होबार्ट घाईघाईनं म्हणाला. फेअरीडिडल म्हणजे मुठीएवढी लाल खार, अंगापेक्षा आवाज मोठा. ती करड्या नरांना धरून दातांनी खच्ची करते, यावर खोऱ्यात पाद्रीबुवांचासुद्धा विश्वास होता. "खच्ची केलेला नर फुगतो. बैलाचं नाही का होत?"

तर्काला तोड नव्हती. तिथंच तर खोट होती. ऑर्लनला एवढं कधी सुचलं नसतं. त्याची मजल वारा, पानं आणि झोप यापुढं गेली नाही.

होबार्ट गेल्यावर तिनं बहिणीला फोन लावला. ओलीटा फोनवर बोलायची कमी आणि उसासे जास्त टाकायची, त्यामुळं पलीकडे भाता चालू असल्यासारखं वाटायचं.

"अगं ओलीटा, तो मला कोल्हाखार करडी म्हणून खाऊ घालतो."

"हाऽऽय देवा. चव कशी होती?"

"चवीचं काय विचारतेस? चव चांगली होती!"

"मग?"

"मग काय मग? कोल्हाखार येते कुठून? आयव्हलीच्या मक्यातून. म्हणजे हा जातो कुठं?"

"मक्यात."

"आयव्हलीकडे, ओलीटा!"

"हाऽऽय देवा," ओलीटा म्हणाली आणि भाता बराच वेळ चालला. "पण डेल्फिया, ज्या बाईकडे जायचं तिथली खार मारून दुसऱ्या बाईला कोण नेऊन देतो?"

"जो स्वतःला फार शहाणा समजतो, तो."

पुढच्या शनिवारीही हाडं गुलाबी. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी पायऱ्यांशी थांबणं, कुत्रं, शेवंती, पुन्हा कुत्रं. शेवंती एव्हाना सुकली होती. तो सुकलेल्या शेवंतीकडेही तितक्याच भक्तीनं बघत राहायचा.

जेवणाचा रविवार जवळ आला, तशी डेल्फियानं सफरचंदाच्या मुरंब्याची एक बरणी उचलली, चांगला कोट चढवला आणि गाडी काढून नदीकडे वळवली. नुसतं बघायला म्हणून कुणाकडे जाता येत नाही, हातात बरणी लागते.

आयव्हलीनं दार उघडलं आणि तिच्या तोंडून पाक गळायला लागला. "अगंबाईऽऽ! डेल्फिया! ये ना, ये ना गं! मुरंबा? माझ्यासाठी? इश्श! किती दिवसांनी! बारीक झालीस. नाही? मग कोटामुळं वाटत असेल."

"आयव्हली," डेल्फियानं पाकात पाय न टाकता विचारलं, "होबार्ट कोगर इकडे येतो का गं?"

"होबार्ट? अगं रोऽऽज! माझ्याकडचीच घडीची खुर्ची नेतो की तो. मक्याच्या कडेला मांडून बसतो राजासारखा. मी कॉफी नेऊन देते बिचाऱ्याला. का? तुला बोलला नाही?" आणि आयव्हलीच्या भुवया रंगवलेल्या केसांपर्यंत वर गेल्या. "अय्या. मी उगाच बोलले का?"

"छे," डेल्फिया म्हणाली. "मला सगळं माहीत आहे." आणि बरणी तशीच हातात घेऊन ती मक्याकडे निघाली.

आयव्हलीनं सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. कापणी झालेल्या मक्याच्या कडेला होबार्टची पिकअप अगदी शेताला भिडवून उभी होती. तिच्यापासून चार पावलांवर खुर्ची, खुर्चीत होबार्ट, मांडीवर बंदूक, बुटाशी कॉफीचा कप. गवतावर दोन कोल्हाखारी, त्यांच्या तांबूस शेपट्या वाऱ्यावर हलत होत्या. सोललेल्या नव्हत्या. पुरावा केसांसकट पडला होता.

"पोकबेरी खायला आल्या वाटतं करड्या इथं!" डेल्फिया लांबूनच ओरडली.

होबार्ट ताडकन उठला. खुर्ची कलंडली, कॉफी सांडली. तिला गाठायला म्हणून तो मक्याच्या खुंटांमधून घाईघाईनं निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. हात गुडघ्यांवर टेकले. तोंड उघडं. छातीतून एक आवाज यायला लागला, बारीक, ओला, शीळ घातल्यासारखा.

डेल्फियानं तो आवाज कुठंही ओळखला असता.

ती हलली नाही. तो श्वास जागेवर येईपर्यंत मुरंब्याची बरणी छातीशी धरून उभी राहिली. आयव्हलीबद्दल रचलेली सगळी वाक्यं तिच्या डोक्यातून पार धुऊन गेली, आणि तिथं काय ठेवायचं ते तिला सुचेना.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दोन... दोन वर्षं झाली असतील. धार चढवत नाही. तुझ्या पायऱ्यासुद्धा एका दमात..." त्यानं हात झटकला. "बाकी..." आणि त्याला पुढं म्हणता येईना.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू चर्चमध्ये बोलली होतीस ना. उशाशी बसणार नाही म्हणून. मी तिथंच सॅलड वाढून घेत होतो." होबार्ट मातीकडे बघत राहिला. "करडी आणणारा माणूस म्हणजे धार चढणारा माणूस. तुला तसं वाटावं, एवढंच."

"म्हणजे खोटंच."

"खोटंच."

"मला खोटं चालत नाही, होबार्ट. खोकल्याचं एक वेळ सोड."

ती घरी आली. ओलीटाला फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडे भाता अगदी बंद पडला.

"आजारी आहे म्हणून सोडतेस की खोटारडा आहे म्हणून?" ओलीटानं विचारलं.

"तेच तर कळत नाही. आजारी आहे म्हणून सोडलं तर मी वाईट. खोटारडा आहे म्हणून सोडलं तर तो वाईट. मला आपलं दुसरं जास्त सोयीचं वाटतंय, आणि म्हणून माझाच मला संशय येतोय."

"हाऽऽय देवा," ओलीटा म्हणाली. "आता स्वतःवर पण?"

जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी डेल्फियानं बापाची जुनी रायफल कपाटातून काढली, तेलाचं फडकं फिरवलं आणि होबार्टच्या दारात जाऊन हॉर्न दाबला. तो बाहेर आला, टोपी हातात, पिळायला तयार.

"पिकअप काढ. तुझ्या धारेवर जायचंय."

"डेल्फिया, मला चढवत..."

"तुला कोण चढ म्हणतंय? तू खाली गाडीत बस. मी वर जाते. परत येईपर्यंत जागचं हलायचं नाही. जमेल?"

"बसायला काय लागतं?"

"ऑर्लनला तेच जमलं नाही," डेल्फिया म्हणाली आणि शेजारच्या सीटवर चढून बसली.

धारेच्या पायथ्याशी तिनं त्याला सोडलं. एका वळणानंतर झाडीत गाडी दिसेनाशी झाली. चढताना तिचेही गुडघे बोलायला लागले होते, पण तिनं त्यांचं ऐकलं नाही. वरच्या हिकरीखाली ती बुंध्याला पाठ लावून बसली. सगळं शांत झालं, तसं वरून बारीक कण गळायला लागले, कुणी फांदीवर बसून किसणी फिरवावी तसे. करडी हिकरीची टरफलं कुरतडत होती. डेल्फियानं मान वर केली, आणि खार सर्रकन खोडाच्या पलीकडे गेली. तिनं एक काटकी उचलून पलीकडच्या पाचोळ्यात भिरकावली. दचकून करडी अलीकडे आली. एकच बार. मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. कुठून तरी एक फेअरीडिडल धावत आली आणि समोरच्या फांदीवर उभी राहून शेपटी आपटत तिला शिव्या घालू लागली, अगदी मालकीण असल्यासारखी.

"गप्प बस गं," डेल्फिया म्हणाली. "तुझ्या नावावर काय काय खपवलं जातं, तुला पत्ता तरी आहे?"

आणि तेवढ्यात खालून इंजिनाचा आवाज आला.

गाडी सुरू झाली. खोऱ्याच्या रस्त्यानं नदीच्या दिशेनं गेली. आवाज लांब गेला, विरला. नदीच्या दिशेनं म्हणजे मक्याच्या दिशेनं. खुर्चीच्या, कॉफीच्या, अगंबाईऽऽच्या दिशेनं.

डेल्फियानं खारी शेपट्यांना धरून उचलल्या आणि उताराला लागली. काट्यांनी कोट ओढला, पाचोळ्यावरून पाय सरकला, एकदा ती चक्क बसून घसरली. तोंडानं वाक्यं जुळवणं चालूच होतं. रविवारी सगळ्यांदेखत काय बोलायचं, पाद्रीबुवांना काय सांगायचं. पहिलंच वाक्य इतकं झणझणीत जमलं, की तिनं ते तीनदा घोकलं.

वळण आलं. पिकअप उभी होती. जिथं सोडली, तिथंच. आत होबार्ट, टोपी मांडीवर, डोळे मिटलेले.

डेल्फिया थांबली. श्वास आवरला. मग चोरपावलांनी पुढून गेली आणि बॉनेटवर तळहात टेकवला. पत्रा गार होता. तिनं हात थोडा सरकवून मधोमध टेकवला. तिथंही गारच.

वर बघते तो काचेआड होबार्टचे डोळे उघडे.

त्यानं काच खाली केली. "गार आहे ना?"

"गारच आहे."

"मघाशी टपालवाला इथं थांबून गेला. त्याची गाडी होती. बाकी काही नाही."

"हंऽऽऽ," डेल्फिया म्हणाली. मान डावीकडे जायला निघाली आणि अर्ध्यात अडकली. तिनं पिकअपच्या मागच्या झाकलेल्या भागात खारी टाकल्या, दार उघडलं, आत बसली आणि रायफल दोघांच्या मध्ये उभी केली.

"टपालवाला शनिवारी लवकर जातो की उशिरा, ते मी सोमवारी पोस्टात विचारून घेईन."

"विचार."

"आणि डॉक्टरकडे मी बरोबर येणार. तो काय म्हणतो ते तुझ्या तोंडून ऐकणार नाही मी."

"ये."

"आणि छातीतली शीळ माझ्यापासून लपवायची नाही. शेवंतीकडे बघायचं नाटक नको. पायरीवर बसायचं, श्वास घ्यायचा, मग वर यायचं. मी आतून दोन कप कॉफी आणून पायरीवर बसेन. उशाशी बसणार नाही म्हणाले होते, पायरीशी बसायचं काही बोलले नव्हते."

किल्ली फिरवायला गेलेला होबार्टचा हात तसाच राहिला. मग अगदी हळू, झोपलेल्या बाळाशेजारी उभं असल्यासारखं त्यानं विचारलं, "म्हणजे उद्या चर्चमध्ये तू हो म्हणणार?"

"चर्चमध्ये कशाला? तिथं आयव्हली असेल, तिला ऐकायची घाई झालीय. तुला आत्ताच सांगते. हो." डेल्फियानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. "चल आता. आणि वाटेत ती कॉफीची बाई भेटली, तर गाडी थांबवायची नाही."